बुरांश कोणी लावावा?

बद्री-केदारच्या यात्रेस जाणाऱ्या मराठी मंडळींस चैत्र-वैशाखाच्या सुमारास वाटेवरील उंच उतारांवर लाल फुलांनी बहरलेला एक मोठा सदाहरित वृक्ष दृष्टीस पडतो. तो बुरांश होय. यात्रा आटोपून परतताना कोणी त्याच्या फुलांच्या सरबताची बाटली आणतो, तर कोणी ओल्या फडक्यात गुंडाळलेले एखादे रोपही घेऊन येतो. मग गावच्या कार्यकर्त्यापुढे प्रश्न येतो की, हे झाड आपल्या अंगणात लागेल काय?

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या पोटी दोन प्रश्न आहेत. झाड लागेल काय, हा पहिला. त्याचे उत्तर जमीन व हवामान देतात. झाड लावावे काय आणि ते कोणी लावावे, हा दुसरा. त्याचे उत्तर मात्र माणसालाच द्यावे लागते. येथे मांडावयाचा विचार असा की, ज्या डोंगरांवर बुरांश आपोआप उगवतो तेथील शेतकऱ्याने तो आपल्या अंगणात व बांधावर अवश्य लावावा. आणि ज्या प्रदेशात तो उगवत नाही तेथील शेतकऱ्याने त्याचा मोह सोडून आपल्याच डोंगराचा एखादा सदाहरित फुलवृक्ष जोपासावा. ही दोन मते परस्परविरुद्ध वाटतील. ती एकाच तत्त्वातून निघालेली आहेत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

वृक्षाची ओळख

बुरांश हा ऱ्होडोडेंड्रॉन या मोठ्या कुळातील वृक्ष आहे. या कुळात वीतभर उंचीच्या झुडपांपासून मोठ्या वृक्षांपर्यंत शेकडो जाती आहेत. शहरांतील रोपवाटिकांत कुंडीत मिळणारा अझेलिया हाही त्याच कुळातला. परंतु बहुतेक जाती झुडूपवजा असताना बुरांश मात्र खराखुरा वृक्ष होतो. चाळीस ते पन्नास फुटांपर्यंत वाढलेली झाडे हिमालयात आढळतात. आणि नागालँडमधील जाप्फू शिखराच्या उतारावर शंभर फुटांहून उंच झाडाची नोंद झालेली आहे.

त्याची पाने लांबट, जाड व चामड्यासारखी असून वरून गर्द हिरवी आणि खालून रुपेरी किंवा तांबूस लवेची असतात. साल गुलाबीसर तपकिरी असून तिचे पापुद्रे सुटतात. फांदीच्या टोकाशी घंटेच्या आकाराच्या पंधरा-वीस फुलांचा घोस येतो. खालच्या उंचीवर फुले गडद लाल असतात. जसजसे वर जावे तसतसे गुलाबी व क्वचित पांढऱ्या फुलांची झाडे दिसू लागतात. फुलांत मध पुष्कळ असतो व त्यासाठी पक्षी आणि मधमाश्या झाडावर गर्दी करतात.

हिमालयात साधारणपणे पाच हजार फुटांपासून दहा हजार फुटांपर्यंत बुरांशाची वस्ती आहे. उत्तराखंडाचा तो राज्यवृक्ष आणि नेपाळचे ते राष्ट्रीय फूल. नेपाळात त्यास लालीगुरांस म्हणतात. त्याचा एक भाऊबंद दक्षिणेत नीलगिरी, पळणी व अण्णामलै यांच्या उंच माथ्यांवर वाढतो. मध्यंतरीच्या सह्याद्रीत, म्हणजे महाराष्ट्रात, तो निसर्गतः आढळत नाही. या गोष्टीचा विचार पुढे करावयाचा आहे.

युरोपियन लोकांस या वृक्षाची ओळख झाली ती १७९६ साली. कॅप्टन टॉमस हार्डविक हे गढवालमधील श्रीनगरच्या प्रवासास निघाले असता त्यांनी हे झाड पाहिले व त्याची नोंद केली. पुढे १८०५ साली जेम्स एडवर्ड स्मिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय नामकरण केले. त्यानंतर बुरांशाच्या बिया इंग्लंडात गेल्या आणि १८२५ च्या सुमारास तेथे त्यास प्रथम फुले आली. त्या गडद लाल रंगासाठी बागवानांनी थंडी सोसणाऱ्या इतर जातींशी त्याचा संकर केला आणि त्यातून बागेतील कित्येक प्रसिद्ध वाण निर्माण झाले. मुठीत मावणाऱ्या बियांवर परक्या देशातील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या श्रम घेतले. आणि ज्याच्या दारात हा वृक्ष उभा होता त्याला मात्र तो लावण्याची वस्तू आहे असे सहसा वाटले नाही. याचे कारण उघड आहे. जे रान फुकट देते ते लावण्याची बुद्धी मनुष्यास होत नाही.

रानाच्या भरवशावर किती दिवस?

डोंगरी शेतकऱ्यास बुरांशाचा उपयोग ठाऊक नाही असे नव्हे. चैत्र संक्रांतीस उत्तराखंडात फूलदेईचा सण होतो. त्या दिवशी मुले पहाटे रानातून फुले वेचून आणून घरोघरच्या उंबरठ्यावर वाहतात. त्या फुलांत बुरांशाचा मान असतो. पाकळ्यांची चटणी करतात. सरबताचा धंदा तर आता घरगुती राहिलेला नसून, अनेक ठिकाणी महिलांचे बचत गट फुले गोळा करून रस काढतात व बाटल्या भरून विकतात. लाकूड जळणास व कोळशास लागते. म्हणजे घेणे सर्व बाजूंनी चालू आहे. घालणे मात्र कोठेच नाही.

बुरांश एकटा वाढत नाही. बांज नावाचा ओक, काफळ, अयार हे त्याचे सोबती होत. बांजाच्या सावलीत, त्याच्या पाचोळ्याच्या ओलसर थरावर बुरांशाचे बी रुजते. हे बी अतिशय बारीक, जवळजवळ धुळीसारखे असते. त्यात अन्नाचा साठा नसल्यामुळे अंकुर फुटल्यावर त्यास लगेच ओलावा व मऊ आधार लागतो. गुरांच्या अंथरुणासाठी पाचोळा खरवडून नेला, चाऱ्यासाठी बांजाचे शेंडे छाटले, उतारावर गुरे फिरली, की ती गादीच नाहीशी होते. जुनी झाडे उभी दिसतात, फुलतातही; परंतु त्यांच्याखाली पोरवय असलेले झाड दिसत नाही. जुने वृक्ष उभे आहेत म्हणून रान सुखरूप आहे असे समजणे म्हणजे घरात आजोबा आहेत म्हणून वंश चालेल असे समजण्यासारखे आहे.

त्यात वणव्यांची भर पडली आहे. चीडच्या वाळलेल्या सुया भुसभुशीत व तेलकट असल्याने आग पाहता पाहता पसरते. २०१६ व २०२४ सालच्या उन्हाळ्यांत उत्तराखंडाची जंगले मोठ्या प्रमाणावर जळाली, हे सर्वश्रुत आहे. शिवाय अलीकडच्या काही हिवाळ्यांत बुरांश जानेवारीतच फुलल्याच्या नोंदी झाल्या आहेत. अवेळी आलेले फूल हिमात सापडले तर बी धरत नाही. आणि जे उरते ते सरबतासाठी खुडले जाते. फुलाचा घोस खुडला की त्या फांदीवर त्या वर्षी बोंड धरावयाचे नाही, ही साधी गोष्ट आहे. गोळा करणाऱ्यास दर किलोमागे मजुरी मिळते. ती अधिक मिळावी म्हणून तो फांदीच मोडून खाली पाडतो. त्यास दोष देऊन उपयोग नाही. झाड त्याचे नाही आणि पुढील वर्षी ते त्याच्याच वाट्यास येईल अशी त्यास खात्री नाही. स्वतःच्या अंगणातील झाडाची फांदी मात्र कोणी मोडीत नाही.

बुरांश रानातून अंगणात यावा, असे म्हणण्याचे मुख्य कारण हेच. अंगणातील चार झाडांनी रान भरून निघणार नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु घरची फुले मिळू लागली म्हणजे रानावरील भार तेवढा हलका होतो. घरच्या झाडाचे बी गावच्या वनपंचायतीस मिळू शकते. आणि ज्याने एक झाड हाताने वाढविले तो दुसरे झाड निष्काळजीपणे तोडीत नाही. या तिसऱ्या लाभास आकडा लावता येत नाही, पण तोच सर्वांत मोठा आहे.

लागवडीचे वर्म

बुरांश लावणे कठीण नाही. परंतु शेतकऱ्याच्या नेहमीच्या सवयी येथे उलट पडतात. आंबा किंवा सफरचंद लावणारा माणूस खोल खड्डा घेतो, शेणखत भरतो, राख टाकतो, बुंध्याशी खुरपणी करतो. बुरांशास यांतील प्रत्येक गोष्ट अपायकारक आहे.

पहिली गोष्ट जमिनीची. या झाडास आम्लधर्मी जमीन लागते. सामू साडेचार ते सहाच्या दरम्यान असावा. मृदा आरोग्य पत्रिकेत सामूचा आकडा दिलेला असतो. तो लागवडीपूर्वी अवश्य पाहावा. जमिनीत चुना असला की झाडास लोह घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हे लक्षण नवे नाही. चुनखडीच्या जमिनीत उसावर व भुईमुगावर जो केवडा दिसतो तोच हा प्रकार. म्हणून बुरांशाच्या आळ्यात राख, चुना किंवा घर रंगविल्यानंतरचे पाणी कदापि जाऊ देऊ नये. तसेच नव्या सिमेंटच्या अगर चुना दिलेल्या भिंतीस लागून झाड लावू नये.

दुसरी गोष्ट मुळांची. मुळे केसांसारखी बारीक असून जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात. म्हणून खड्डा खोल न घेता रुंद घ्यावा. तीन फूट रुंद व दीड फूट खोल पुरे. त्यात रानातील कुजलेला पाला व तेथलीच वरची माती भरावी. रोपाच्या मुळांचा गोळा आजूबाजूच्या जमिनीच्या बरोबरीस किंवा बोटभर वरच राहील असा ठेवावा. रोप खोल गाडले तर ते वर्षानुवर्षे न वाढता तसेच राहते व अखेरीस मरते. या कुळातील झाडांच्या मुळांशी एक प्रकारची उपकारक बुरशी राहते आणि तिच्या साहाय्याने ते गरीब जमिनीतूनही अन्न मिळवितात. जुन्या बुरांशाखालची ओंजळभर माती नव्या रोपाच्या खड्ड्यात मिसळण्याची पद्धत या दृष्टीने उपयुक्त आहे.

तिसरी गोष्ट जागेची. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी उत्तरेकडील किंवा पूर्वेकडील उतरती जागा उत्तम. पाणी साचणारी जागा सर्वथा टाळावी. उतारामुळे निचरा होतो व पाचोळ्यामुळे ओल टिकते. बुरांशास दोन्ही हवी असतात. दोन झाडांत पंधरा ते वीस फुटांचे अंतर ठेवावे.

लागवड पावसाळ्याच्या प्रारंभी करावी. त्यानंतर बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी सोडून भोवती तीन-चार इंच जाडीचे पाचोळ्याचे आच्छादन घालावे व ते दर वर्षी नवे करावे. तण उपटून काढावे. खुरपे अगर कुदळ चालवू नये, कारण त्यामुळे मुळेच तुटतात. ताजे शेण घालू नये. बहुधा पाचोळ्याखेरीज दुसऱ्या खताची गरज पडत नाही. झाड फारच अशक्त दिसल्यास अमोनियम सल्फेट थोड्या प्रमाणात द्यावे. पहिले दोन-तीन उन्हाळे मात्र पाणी चुकवू नये.

रोप कोठून आणावे? येथेच मोठी चूक होते. रानातील लहान झाड उपटून आणणे सोपे वाटते. परंतु मुळांचा वरचा थर तुटल्याने ते बहुधा जगत नाही, आणि जे जगले तेही रानाचे एक पोर कमी करूनच जगते. रोप बियांपासून करावे. हिवाळ्यात बोंडे तपकिरी होऊन तडकू लागली म्हणजे ती काढून कागदावर वाळवावीत. हिवाळा सरताना उथळ कुंडीत चाळलेला कुजका पाला व वर शेवाळाचा बारीक चुरा घालून त्यावर बी नुसते भुरभुरावे. त्यावर माती टाकू नये, कारण हे बी उजेडात रुजते. वरून पाणी न घालता कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी व तोंडावर काच झाकावी. सुमारे तीन-चार आठवड्यांत अंकुर दिसतात. पहिल्या वर्षी रोप नखाएवढेच राहते. त्यामुळे निराश होऊ नये. एकदोनदा पुनर्लागण करून दोन-तीन वर्षांनी ते बाहेर लावण्याजोगे होते. फांदीची कलमे सहजासहजी मुळे धरीत नाहीत. दाब कलम करता येते, पण त्यासही वर्ष-दोन वर्षे धीर धरावा लागतो.

एका धोक्याची सूचना येथे दिली पाहिजे. बुरांशाच्या पानांत ग्रेयानोटॉक्सिन नावाचे विष असते. पाने खाल्ल्याने शेळ्या, मेंढ्या व गुरे यांस लाळ सुटते, ओकाऱ्या होतात, पाय लटपटतात व प्रसंगी मृत्यूही ओढवतो. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत आणि अंगणातील रोपास काटेरी कुंपण करावे. त्यामुळे रोपही वाचते व जनावरही. पाकळ्या खाण्याची वहिवाट लाल बुरांशापुरतीच आहे. या कुळातील इतर जातींची फुले ओळखीशिवाय तोंडात घालू नयेत.

आक्षेपांचा विचार

या लागवडीविरुद्ध सर्वांत मोठा आक्षेप वेळेचा घेतला जातो. बियांपासून वाढविलेल्या बुरांशास पहिले फूल येण्यास दहा वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लागतो. ज्याचे वय पन्नास आहे त्याने ते कोणासाठी लावावे? हा आक्षेप खरा आहे व तो टाळून चालणार नाही. डोंगरातील कित्येक घरांतील तरुण मंडळी शहराकडे गेली असून शेते पडीक आहेत. तेथे नातवासाठी झाड लाव असे सांगणे क्रूर थट्टेसारखे वाटण्याचा संभव आहे. परंतु याच परिस्थितीत या झाडाचा गुणही दिसतो. पहिली दोन-तीन वर्षे सांभाळली की बुरांशास पुढे फारशी मशागत लागत नाही. नांगर, फवारणी, दर वर्षीचे बी यांचा खर्च नाही. मनुष्यबळ कमी झालेल्या घराने पडीक बांधावर कोणते झाड लावावे, या प्रश्नास बुरांश व बांज ही जोडी उत्तर ठरू शकते. बांज चारा व जळण देतो, आणि दोहोंखाली पाचोळा साचून पावसाचे पाणी मुरते. जे झाड उशिरा फळते ते उशिरापर्यंत फळते, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप असा की, डोंगरी शेतकऱ्याजवळ जमीनच थोडी; ती फुलझाडासाठी का अडवावी? याचे उत्तर असे की बुरांशास पिकाची जमीन द्यावयाची नाहीच. धान्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात त्यास स्थान नाही. घराच्या उत्तरेकडील कोपरा, ओढ्याचा काठ, शाळेचे वा देवळाचे आवार, पायवाटेच्या वरची दरड, या त्याच्या जागा होत. तेथे आज बहुधा काहीच उभे नसते.

तिसरा आक्षेप कार्यकर्त्यांकडूनच येतो. तो उघडपणे बोलला जात नाही इतकेच. लावलेल्या रोपांची संख्या वरती कळवावयाची असते. आणि चटकन वाढणारी, स्वस्तात मिळणारी रोपे वाटली की संख्या भरते. बुरांशाची रोपवाटिका तीन वर्षे सांभाळावी लागते. तिचा आकडा पहिल्या दोन वर्षांच्या अहवालात शून्यच दिसणार. हा दोष त्या कार्यकर्त्याचा नसून मोजमापाचा आहे. वाटलेले रोप मोजणे सोपे, जगलेले रोप मोजणे कष्टाचे. म्हणून सोपे तेवढे मोजले जाते. जोपर्यंत पाचव्या वर्षी उभी असलेली झाडे हाच वृक्षलागवडीचा हिशेब मानला जात नाही, तोपर्यंत हळू वाढणाऱ्या कोणत्याही देशी वृक्षाला, मग तो हिमालयातील असो वा सह्याद्रीतील, सरकारी रोपवाटिकेत पुरेशी जागा मिळावयाची नाही.

महाराष्ट्राने काय घ्यावे

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. महाराष्ट्रातील अंगणात बुरांश लागेल काय? देशावरील काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी सातांच्या वर, साडेसात-आठांच्या आसपास असतो व तीत चुनखडी असते. चैत्र-वैशाखातील तेथील ऊन या झाडास मुळीच सोसवत नाही. कोकणातील तांबडी जमीन आम्लधर्मी आहे खरी, परंतु तेथे थंडी नाही. महाबळेश्वरास आम्लधर्मी जांभी जमीन, भरपूर पाऊस व गारवा या तिन्ही गोष्टी काही अंशी जुळतात. तरी उंची सुमारे साडेचार हजार फूटच, आणि पावसाळा संपल्यावर पुढचे सात-आठ महिने कोरडे जातात. राज्यातील सर्वोच्च शिखर जे कळसूबाई, तेही १,६४६ मीटर म्हणजे जेमतेम चोपनशे फूट. हिमालयात बुरांशाची वस्ती ज्या उंचीपासून सुरू होते, तेथे सह्याद्री संपतो. एखाद्या हौशी माणसाने महाबळेश्वरी एखादे रोप लावून पाहिले तर त्यास हरकत नाही. परंतु तो प्रयोग होय, शिफारस नव्हे. इतरत्र यात्रेहून आणलेले रोप पहिल्या उन्हाळ्यातच वाळावयाचे. म्हणून कार्यकर्त्याने विचारणाऱ्यास स्पष्टपणे नाही असेच सांगावे.

परमुलुखातील झाड आणून लावण्याचे दोनच परिणाम संभवतात. ते मरते किंवा माजते. बुरांशाच्या कुळातील एक जांभळ्या फुलांची जात शोभेसाठी ब्रिटन व आयर्लंडमध्ये नेली गेली. ती तेथील जंगलांत इतकी फोफावली की तिच्या दाट सावलीखाली दुसरे काही उगवेना, आणि आता तिला उपटून काढण्यावर मोठा खर्च होत आहे. शोभेचे झुडूप म्हणूनच भारतात आणलेल्या घाणेरीने आपल्या माळरानांची काय दशा केली, हे शेतकऱ्यास सांगावयास नकोच.

मग मराठी अंगणाने सदाहरित, मोठ्या व फुलणाऱ्या वृक्षावाचून राहावे काय? मुळीच नाही. बकुळ देशावर व कोकणात सारखीच येते. पाणी थोडे लागते, आणि तिची फुले आपोआप गळत असल्यामुळे वेचताना फांदीस हातही लावावा लागत नाही. सोनचाफ्याचे कलम दोन-तीन वर्षांत फुलू लागते व शहराजवळच्या शेतकऱ्यास रोजचा पैसा देते. नागचाफा हळू वाढतो, पण त्याच्या डौलास तोड नाही. महाबळेश्वराच्या पठारावर निळ्या फुलांची अंजनी आहे. तेथे तिच्याहून योग्य झाड शोधूनही सापडणार नाही.

आणि सिंधुदुर्गातील सुरंगी तर बुरांशाची थेट बहीण शोभावी. कुळाने नव्हे, दैवाने. तीही मोठी, सदाहरित, सावकाश वाढणारी. तिच्याही फांद्यांवर फुलांचे गुच्छ लगडतात. ती फुले कळीच्या अवस्थेत पहाटे काढून वळेसर केले जातात आणि सुकी फुलेही विकली जातात. तीही बहुतेक ठिकाणी कोणी लावलेली नाही. आजोबा-पणजोबांच्या काळापासून उभी आहे. बियांपासून वाढविल्यास झाड नर निघेल की कसे हे बरीच वर्षे कळत नाही, म्हणून खात्रीच्या झाडापासून कलम करणे श्रेयस्कर. उंच झाडावर चढून कळ्या काढणारा गडी आज दुर्मिळ होत आहे. लावताना कलम लावून झाड आटोपशीर ठेवले तर तीही अडचण पुष्कळशी दूर होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील ज्या घराच्या परड्यात सुरंगी उभी आहे, त्याने तिच्या शेजारी दुसरी लावली आहे काय, एवढेच त्यास विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येईल. जे गढवालात घडले तेच कोकणात घडत आहे.

सारांश, बुरांशाची गोष्ट एका लाल फुलाची नाही. जे आपल्या डोंगराने फुकट दिले ते आपल्या हाताने लावण्याची वेळ आली आहे, हे ओळखण्याची ती गोष्ट आहे. डोंगरी शेतकऱ्याने या पावसाळ्यात कुजक्या पाल्याचा एक खड्डा भरावा. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने यात्रेहून रोप न आणता केवळ आठवण आणावी आणि आपल्या परड्यातील जुन्या बकुळीखाली किंवा सुरंगीजवळ तिचेच एक नवे रोप उभे करावे. गावच्या कार्यकर्त्याने आपल्या वहीत आणखी एक रकाना आखावा. लावलेल्या झाडांचा रकाना आहेच, पाच वर्षांनी जगलेल्या झाडांचा तेवढा नवा घालावा. तो रकाना प्रामाणिकपणे भरला जाऊ लागला, तर कोणते झाड कोठे लावावे याचे शिक्षण कार्यकर्त्यास त्यातूनच मिळेल, आणि ते कोणत्याही व्याख्यानाहून अधिक काळ लक्षात राहील.